मनगट सैल सोडा, राव!

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हिरवळ, पांढरी टोपी आणि बॅग वाहणारा कॅडी. 'श्रीमंतांचे चोचले' म्हणत आपण चॅनेल बदलतो. माझं म्हणणं एवढंच, की मेकॅनिक्स शिकणाऱ्याने तरी तो बदलू नये.

कारण गोल्फचा स्विंग म्हणजे चक्क डबल पेंड्युलम! खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात हा पहिला दांडा, क्लब हा दुसरा आणि मनगट ही मधली बिजागरी. कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी 1968 साली आपल्या पुस्तकात हेच मॉडेल मांडलं. क्लब वर नेला की हात आणि क्लब यांच्यात साधारण 90 अंशांचा कोन होतो. खाली येताना तो टिकला तर क्लब अंगाजवळ राहतो, मोमेंट ऑफ इनर्शिया कमी राहतो आणि हात झपाट्याने फिरतात. मग वेगामुळेच क्लब बाहेर फेकला जातो, मनगट उघडतं, हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा क्लबच्या डोक्यात उतरते. हाच तो 'रिलीज'! अव्वल व्यावसायिकांच्या ड्रायव्हरचं डोकं ताशी 180 किमीच्या आसपास पोचतं. चेंडूशी त्याचा संपर्क मात्र जेमतेम अर्धा मिलिसेकंद.

नवशिका नेमका इथेच फसतो. लांब मारायचं म्हणून मूठ आवळतो, मनगट ताठ करतो. मग बिजागरी एकतर नीट उघडतच नाही, नाहीतर घाईघाईत वरच उघडते. घाम भरपूर, चेंडू मात्र समोरच्या झुडपात!

मग मनगट अगदीच ढिलं सोडायचं का? तेही नाही. सुरुवातीला कोन टिकेल एवढी पकड हवीच. पुढे मात्र आडवं यायचं नाही. गावाकडे ज्याने गोफण फिरवलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. दगड लांब जातो तो दोरी वेळेवर सुटल्यामुळे, नुसत्या दंडाच्या जोरावर नाही.

आपण मात्र डबल पेंड्युलम कागदावरच सोडवतो. समीकरणं घोकायची, व्हायवात ओकायची, विषय संपला! त्यापेक्षा लॅबमध्ये दोन लाकडी पट्ट्या एका नटबोल्टने जोडा. एकदा बोल्ट आवळून आणि एकदा सैल ठेवून वरची पट्टी फिरवा. खालच्या पट्टीचा झटका बघितला की ऊर्जा कुठून कुठे जाते ते जन्मभर लक्षात राहील. खर्च म्हणाल तर कॅन्टीनच्या दोन-चार चहांएवढा.

सर, बघा पटतंय का!