वीज फक्त बॅटरीतच साठते?

संपादक महोदय,

बॅटरी उद्योगात ग्रामीण भाग निव्वळ गिऱ्हाईक आहे, हे आपल्या लेखातील मत मान्य नाही. बारामती एमआयडीसीत पियाजिओ विजेवरच्या तीनचाकी बनवते. खरी उणीव सेलची आहे. लिथियम सेल बहुतांशी आयात होतात. २०२१ची १८,१०० कोटींची सेलनिर्मिती प्रोत्साहन योजना ५० गिगावॅट-तासांच्या उद्दिष्टापासून दूरच राहिली.

शिवाय लेखकाने पाणी विसरावे? घाटघर प्रकल्प पाणी वर चढवून वीज साठवतो, तीही २५० मेगावॅट क्षमतेने. उजनीचा १२ मेगावॅटचा संचही त्याच रचनेचा. या धरणात आमच्या इंदापूर तालुक्याच्या जमिनी गेल्या आहेत. साठवणुकीचे धोरण आखताना सरकारने उजनीचा विचार आधी करावा.

– एक वाचक, भिगवण (ता. इंदापूर)