शिपायाचें हसणें

सिंदखेडराजा जिजाऊंची जन्मभूमि, म्हणून बुलढाण्याच्या व्यासपीठांवर शौर्याचीं भाषणें झडतात. परंतु भरतीसाठीं पहाटे सडकेवर धावणारा तेथील पोरगा बेळगांवच्या मराठा केंद्रांत रंगरूट होऊन उस्तादांची नक्कल करतो, लंगरच्या डाळींत डाळ शोधतो, हें आमच्या वाङ्मयाच्या गांवींही नाहीं. आम्हां पदवीधरांस शिपाई हवा तो तिरंग्यांत गुंडाळलेला! इटलींत १९४४ सालीं पडलेल्या यशवंत घाडग्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस आम्ही मिरवितों. १९४५ सालीं तोच मान मिळवून जिवंत परतलेले नामदेव जाधव कितीकांस आठवतात? २०२२ च्या अग्निपथ योजनेंत चार वर्षांनीं चौघांपैकीं फार तर एकास कायम ठेवण्याची तरतूद होती. उरलेले तिघे हसत परततील, असें ज्यांस वाटतें त्यांनीं एकदां त्यांची थट्टा नीट ऐकावी.