शेळीचे सुटे होत नाहीत

हातातला पैसा हातात राहत नाही, हे मजुरीवर चालणाऱ्या घराला कुणी सांगावं लागत नाही. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते आणि तेलमीठ, लेकराचं औषध, दिराची उसनवारी असं करत संध्याकाळपर्यंत संपते. म्हणून आमच्या हिंगोली-कळमनुरीकडच्या बाया पैसा जवळ ठेवत नाहीत, अडकवून ठेवतात. बिनखात्याच्या घराचा सगळा कारभार या एकाच हिकमतीवर चालतो, असं माझं मत आहे. पैसा आपल्याच हाताला सहज लागू नये, एवढीच ती हिकमत.

शेळी घ्या. ती विकायची तर बाजाराचा दिवस यावा लागतो, घरात बोलणं व्हावं लागतं, व्यापाऱ्याशी घासाघीस करावी लागते. तेवढ्या अवधीत निम्म्या गरजा आपोआप निवळतात. शिवाय ती चरते कुणाच्या तरी बांधावर आणि वर करडं देते. अडचण एकच, शेळीचे सुटे होत नाहीत. तीनशे रुपये हवेत म्हणून पाव शेळी विकता येत नाही. त्यासाठी कोंबड्या असतात.

भिशीचंही तेच. वीस जणींनी महिन्याला पाचशे टाकले की दहा हजार होतात आणि चिठ्ठी निघेल तिला ते मिळतात. लिलावाची भिशी असेल तर नड असलेली बाई साडेआठ हजारांवर उचलते आणि उरलेले दीड हजार बाकीच्यांत वाटले जातात. म्हणजे नडीची किंमत मोजावी लागतेच, पण ती सावकाराच्या घरी न जाता शेजारणींच्या घरी जाते. महत्त्वाचं म्हणजे पाचशे रुपये ‘भिशीचे’ झाले की नवऱ्यालाही ते मागता येत नाहीत. मागितले तर वीस घरांत बोभाटा होतो. बचत गटांनी हाच धागा पकडला. 1992 मध्ये नाबार्डनं गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. गावोगावच्या कितीतरी बायांना बँकेचा उंबरठा पहिल्यांदा दिसला तो स्वतःच्या नव्हे, गटाच्या खात्यापायी.

शेतकऱ्याची शेळी म्हणजे हळद. वसमतच्या शिवारात काढलेली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरली की ती सोयाबीनसारखी विकण्याची घाई करत नाही. लग्न निघालं की चार पोती मोंढ्यात. मात्र लावणीच्या वेळी ज्यानं आडत्याकडून पैसे घेतले, त्याला भाव बघून थांबायची मुभा नसते. माल त्याच आडतीवर उतरवायचा आणि पट्टीतून उचल वळती झाल्यावर उरेल ते घरी आणायचं. रीतसर व्याज लावलेलं दिसत नाही म्हणून ते नसतं, असं समजायचं कारण नाही.

आणि याच हिकमतीचं उफराटं रूप सेनगाव-औंढ्याकडच्या तांड्यांवर दिसतं. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतं. रक्कम एकरकमी, रोख, कागदपत्रांची कटकट नाही. त्यातून पोरीचं लग्न होतं, जुनं देणं फिटतं. मग दसरा-दिवाळीनंतर पाच-सहा महिने परजिल्ह्यात, कधी कर्नाटकात, तो पैसा अंगमेहनतीनं फेडायचा. हंगाम कमी चालला की बाकी पुढच्या सालावर. शेळीत आपण आपला पैसा अडकवतो. इथे पैशात माणूस अडकतो. रोखीच्या व्यवहारात माणुसकी असते असं हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी ही बाकी एकदा मांडून बघावी. सावकाराचंही तसंच, महिना शेकडा पाचनं घेतलेल्या पाच हजारांवर महिन्याला अडीचशे आणि वर्षाला तीन हजार होतात. मुद्दल तिथंच. सावकारी नियंत्रणाचा कायदा 2014 मध्ये आला, पण चहाच्या टपरीवर ठरणाऱ्या व्याजाला परवान्याची पाटी नसते.

सरकारी पैशावर भरवसा कमी ठेवायची सवयही इकडे जुनीच म्हणायची. निजामाच्या राज्यात आपला रुपया हाली, आणि पैनगंगेपलीकडे इंग्रजांच्या कारभारातल्या वऱ्हाडात कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली. बैल विकायला वाशीमच्या बाजारात गेलेल्या माणसाला घरी येईपर्यंत तोंडी हिशेब करावा लागे. 1948 मध्ये राज्य गेलं, तरी हाली नाणं पुढे काही वर्षं चालत राहिलं आणि मग बाद झालं. चांदीच्या गोठ-तोड्यांना मात्र कुणी बाद करू शकलं नाही.

बाद होण्याची खरी झळ बसली ती 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. तांदळाच्या डब्यात, गोधडीच्या अस्तरात, देव्हाऱ्याच्या मागे बायांनी ठेवलेली पुंजी बदलून घ्यायची तर घरातल्या पुरुषाला सांगणं आलं. नोटा बदलून मिळाल्या, पण त्या कुणाच्या आणि किती, हे सगळ्या घराला कळलं. त्या नुकसानीची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आता खाती आली. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन सुरू झाली आणि 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’चे महिना दीड हजार आधारला जोडलेल्या खात्यातच येऊ लागल्यावर ज्यांची खाती नव्हती त्यांनीही रांगा लावल्या. हे चांगलंच झालं. सरकारचा पैसा मधल्या हातांत न अडकता थेट बाईच्या नावावर येतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण पैसा खात्यात येतो, खात्यात राहत नाही. बँक मित्राच्या दुकानात अंगठा लावायचा (हळद खणून, खुरपून झिजलेला अंगठा यंत्राला दोन-तीनदा कळतच नाही) आणि सगळेच्या सगळे काढायचे.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका दुकानातला पोरगा परवा एका बाईला म्हणाला, “मावशी, पाचशे तरी राहू द्या की.”

“कशाला, बाबा? ठेवले की दिसतेत, दिसले की मागतेत.”

दिसतात ते असे की खात्याला नवऱ्याचा मोबाईल जोडलेला. रुपया आला की त्याच्या खिशात घंटी वाजते. शेळी व्यायली तर सगळ्या गल्लीला कळतं हे खरं, पण भिशीत किती साठले याचा मेसेज कुणाला जात नाही. मावशींनी दीड हजार मोजून घेतले, पाचशे वेगळे करून पदराला गाठ मारली आणि जाता जाता विचारलं, “खात्यावरला नंबर बदलता येतो का?”

“येतो. बँकेत अर्ज द्यावा लागेल. कुणाचा टाकायचा?”

“माह्या भावाचा. तो जिंतूरला असतो.”