आधी गळतात, मग येतात

माझं सलून पंचवटी कारंजाजवळ आहे. वडील रामकुंडावर क्षौर करायचे, त्यांच्या शेजारी बसून मी वस्तरा धरायला शिकलो. गोटा केलेल्या डोक्यावर दोन-तीन दिवसांत हाताला खुंट लागतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. वस्तरा वरचा केस कापतो, मुळाला हात लावत नाही.

गेल्या पावसाळ्यात सातपूरच्या कंपनीतला एक मुलगा टोपी घालून आला. वय अठ्ठावीस, घरी स्थळं बघणं चालू. दुकान रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग खिशातून कागदाची पुडी काढली. "दादा, बघा ना. सगळे पैसे पाण्यात गेले." पुडीत जेमतेम तांदळाएवढे केस होते, काहींच्या बुडाला पांढरट गाठ. केशरोपण करून बावीस दिवस झाले होते, तेही कर्ज काढून. ती गाठ म्हणजेच मूळ असं धरून चालल्यामुळे चार रात्री त्याचा डोळा लागला नव्हता.

ती गाठ म्हणजे केसाचं बूड. मूळ कातडीच्या आत, चार-पाच मिलिमीटर खोल असतं आणि ते तिथेच राहतं. रोपणात डोक्याच्या मागची मुळं काढून पुढे लावतात. मागचीच का, तर टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा त्यांच्यावर सहसा परिणाम होत नाही आणि जागा बदलली तरी ती आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली हे मांडलं. पण या हलवाहलवीत मुळाला धक्का बसतो. ते विश्रांतीला जातं आणि दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वरचा केस सोडून देतं. बहुतेकांचं असंच होतं.

पुढचे दोन-तीन महिने जागा ओकीबोकी दिसते. माणूस खचतो तो इथेच. चौथ्या महिन्याच्या आसपास कोवळा केस डोकं वर काढतो, बारीक, कधी वेडावाकडा. काहींना त्याआधी पुरळ येतं. मग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ. सहा महिन्यांनी फरक जाणवतो, खरं रूप वर्षाने दिसतं आणि भोवऱ्याच्या जागी तर दीड वर्षही लागतं.

मुलाचे वडील निफाडचे, कांदा पिकवणारे. पुढच्या खेपेला तेही आले होते. मी सांगितलेलं ऐकून म्हणाले, "अहो, कांद्याचं रोप लावल्यावर आधी मान टाकतंच की!" बापाला दोन मिनिटांत समजलं ते मुलाला कुणी समजावूनच दिलं नव्हतं. त्याला आधीचे-नंतरचे फोटो दाखवले आणि इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या. मधल्या महिन्यांचा फोटो एकही नव्हता. मला याचा राग येतो. घाबरलेला माणूस मिळेल ते तेल चोळतो. या मुलाने दोन बाटल्या मागवल्याही होत्या.

म्हणून नाशिकमध्ये केशरोपण करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: पैसे भरून घेण्याआधी एक पान मराठीत हातात द्या. कोणत्या आठवड्यात काय गळेल, कोणत्या महिन्यात काय येईल, रोपण न केलेले जुने केस पुढेही विरळ होऊ शकतात आणि त्यासाठी कोणतं औषध किती दिवस घ्यायचं, हे त्यावर लिहा. कोण करणार, त्याचं नाव आणि पदवीही लिहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलंय की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे, यूट्यूब बघून शिकण्याचं नाही.

आणि तुम्ही स्वतः तिसऱ्या आठवड्यात असाल, उशीवर केस दिसत असतील, तर ती जागा खाजवू नका, मनाने काही लावू नका. पू, ताप किंवा वाढती सूज असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसते केस गळत असतील, तर चौथ्या महिन्यापर्यंत थांबा.