वस्तरा, परवाना आणि उमेदवारी

दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा धरण्याचा अधिकार कोणाला असावा? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु अमेरिकेतील विधिमंडळांत व न्यायालयांत त्यावर गांभीर्याने खल झाला आहे. तेथे न्हाव्याचे काम करण्यास राज्याचा परवाना लागतो आणि राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत.

असा कायदा प्रथम १८९७ साली मिनेसोटा राज्याने केला. एकच वस्तरा व एकच टॉवेल अनेकांच्या चेहऱ्यावरून फिरे आणि त्वचेचे विकार पसरत. तेव्हा जनतेच्या आरोग्याची काळजी रास्तच होती. मात्र न्हाव्यांच्या कामगार संघटनांनीही अशा कायद्यांचा आग्रह धरला, तो व्यवसायात होणारी गर्दी रोखण्यासाठीही. संरक्षण आणि अटकाव हे दोन हेतू असे आरंभापासूनच एकमेकांत गुंतले आहेत.

टेनेसी राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१५ मध्ये न्हाव्यासाठी माध्यमिक शाळेची पदविका आवश्यक ठरविण्यात आली. सौंदर्यप्रसाधनाचे काम करणाऱ्यांवर मात्र एवढी कडक अट नव्हती. बीजगणितात नापास झालेल्याचा हात वस्तऱ्यावर थरथरतो, असे थोडेच आहे! २०२० मध्ये न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरविली.

मग परवानाच नको काय? अलाबामाने १९८३ मध्ये तसे करून पाहिले. परंतु २०१३ मध्ये राज्यव्यापी परवाना पुन्हा आणला. तेव्हा खरा प्रश्न परवाना असावा की नसावा हा नसून, त्याच्यापर्यंत जाणारी वाट गरिबाला परवडते काय, हा आहे.

कॅलिफोर्नियात अशा दोन वाटा आहेत. प्रशिक्षणशाळेतील सक्तीचे तास २०२२ पासून १५०० वरून १००० करण्यात आले. दुसरी वाट उमेदवारीची. परवानाधारक कारागिराच्या हाताखाली सुमारे दोन वर्षांत ३२०० तास काम करावयाचे. शाळेत फी भरावी लागते, तर उमेदवाराला वेतन मिळते. वेळ अधिक लागतो. परंतु घरची चूल पेटती राहते. शेवटी परवाना एकच. म्हणूनच उमेदवारीची वाट खुली राहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्याकडे चित्र उलट आहे. महाराष्ट्रात दुकानाची नोंदणी होते. हातातील कसबाला परवाना लागत नाही. मुलगा वडिलांच्या वा उस्तादाच्या शेजारी उभा राहून शिकतो. त्याला कोणी अडवीत नाही, हे खरे. पण त्याच्या कौशल्याचा दाखलाही कोणी देत नाही, आणि शिकण्याच्या काळात त्याच्या हाती काय पडावे, हे बहुधा उस्तादाच्या मर्जीवर असते.

नियम वस्तऱ्याच्या स्वच्छतेसाठी जरूर असावेत. मात्र पोट भरू पाहणाऱ्या तरुणाची वाट त्याच वस्तऱ्याने कापली जाऊ नये. पुढच्या वेळी खुर्चीवर बसू, तेव्हा शेजारी टॉवेल धरून उभ्या असलेल्या मुलाकडे आपण जरा निरखून पाहू या.