हातचं सोडण्याआधी

दारावर आलेल्या साडीवाल्याला आपण सुखासुखी सोडत नाही. काठ उलटून बघतो, रंग जाईल का विचारतो, दोनशे रुपये कमी करून घेतो. पण घरचं इंटरनेट बदलून देणारा माणूस आला की आपल्यातल्या पुष्कळ जणी गप्प होतात. साडीचा पोत बोटांना कळतो, स्पीडचा पोत कोणाला कळणार? नेमक्या या न कळण्यावरच विक्री चालते.

२०२० मध्ये टाळेबंदीत मुलांची शाळा घरात आली आणि गावोगावी नेट ही चैन न राहता गरज झाली. आता गल्लीतल्या केबलवाल्यापासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळे आपल्या दाराशी आहेत. स्पर्धा आली, दर उतरले, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर दुपारच्या वेळी येणारी गोड आश्वासनंही आली. 'ताई, अर्ध्या पैशात दुप्पट स्पीड. राउटर फुकट, बसवायचं फुकट, सिनेमे फुकट. जुनं कनेक्शन आम्हीच बंद करून देतो. फक्त एक ओटीपी सांगा.'

एकेक आश्वासन जरा पाखडून बघू या.

'४९९ रुपये' म्हणजे ४९९ नव्हे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की महिन्याचे ५८९ होतात. आणि सहा महिन्यांचे पैसे आधी भरायचे असले, तर हातातून एकदम ३,५३३ रुपये जातात. 'फुकट' राउटर बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचा असतो. कनेक्शन सोडताना तो परत करावा लागतो, नाहीतर त्याचे पैसे मागतात. '१०० एमबीपीएसपर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तेवढा वेग कायम मिळेल, असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. शिवाय राउटर पुढच्या खोलीत आणि मुलगा दोन भिंतींपलीकडे अभ्यासाला बसलेला, तर वेग आणखी कमी होतो. 'अनलिमिटेड'लाही बऱ्याचदा मर्यादा असते. ठरावीक डेटा संपला की वेग एकदम खाली येतो. आणि सुरुवातीचा सवलतीचा दर संपल्यावर काय दर लागणार, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

सगळ्यात फसवं वाक्य मात्र 'जुनं आम्ही बंद करतो' हे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे. तिथे नवी कंपनी घेतली की जुनी आपोआप सुटते. घरच्या इंटरनेटला अशी सोय नाही. जुन्या कंपनीला आपणच कळवावं लागतं. नाही कळवलं, तर महिना संपल्यावर बिल भरायच्या पद्धतीत जुन्याचंही बिल चालू राहतं आणि नव्याचंही.

मग घरात काय होतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कनेक्शन नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर, पण दुपारी दार उघडणारी बाई. फसगत कळली की प्रश्न एकच, 'तू कशाला हो म्हणालीस?' खोटं बोलणारा बाजूला राहतो आणि ऐकणारी आरोपी ठरते. आमचं म्हणणं आहे ते इथेच. खोट्या आश्वासनाची जबाबदारी ते देणाऱ्यावर आहे, ऐकणाऱ्यावर नाही. दारात आलेला पोरगा कमिशनवर राबणारा असतो, त्याच्यावर आकडे गाठायचं दडपण असतं. पण तो ज्यांच्या नावाने बोलतो, त्या कंपनीला हात झटकता येऊ नयेत.

कायदाही याच बाजूने आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी त्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवत नेणं, या प्रकाराला प्राधिकरणाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवलं आहे. पण कायदा पुरावा मागतो, आणि तोंडी शब्द वाऱ्यावर उडतो.

म्हणून काही पथ्यं पाळायची. जे तोंडाने सांगितलं, ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागायचं: करासहित एकूण रक्कम, किती महिन्यांची, सवलतीनंतरचा दर, राउटर कोणाचा, मधेच सोडलं तर किती पैसे परत. लिहून द्यायला जो कां कूं करतो, त्याला चहा पाजून परत पाठवावं. मोबाइलवर आलेला मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. ओटीपी म्हणजे आपली सहीच. 'ऑफर आजच संपते' म्हणणाऱ्याला उद्या यायला सांगावं. शेजारी ज्यांनी ते कनेक्शन घेतलंय, त्यांना संध्याकाळी आठ वाजता, सगळं गाव नेटवर असताना, कसं चालतं ते विचारावं. नव्याचे नऊ दिवस सरेपर्यंत जुनं तोडू नये. आणि तोडताना राउटर परत केल्याची पावती घ्यावी.

एवढं करूनही फसवणूक झालीच, तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. 'ट्राय' स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार निकाली काढत नाही, हे लक्षात असू द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

कोणी म्हणेल, पाचशे रुपयांसाठी एवढी यातायात कशाला? पण भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणं शहाणपणाचं, आणि कंपनीला लेखी विचारणं तेवढं किचकट, हे कोणी ठरवलं? मैत्रिणींनो, विचारा. दारातच विचारा. प्रश्न विचारणारी बाई विक्रेत्याला अवघड वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या.