बुडालेली सुट्टी

2025 मध्ये दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आली, 2 ऑक्टोबरला. हर्सूल तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या आमच्या मित्रमंडळाला एक सुट्टी बुडाल्याचं केवढं दुःख! सगळे निवृत्त, म्हणजे रोजच रविवार. विशीत हेच क्रांती उद्या येणार म्हणून अभ्यासावर पाणी सोडून बसले होते. ज्यासाठी घोषणा दिल्या त्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा, म्हणजे त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, ठराव 1978चा, नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडला. तोवर घोषणा देणाऱ्यांची पोरं शाळेत जाऊ लागली होती. (तिळगूळ मात्र तेव्हापासून दुप्पट गोड.)

‘हर्सूल जेलमध्ये जायचं फार मनात होतं,’ एक नाना परवा म्हणाले, ‘आईनं सोडलं नाही.’

‘मग सुट्टी कसली मागता?’

या अंकात अशाच माजी क्रांतिकारकांचे लेख आहेत. गुडघेदुखीचे उतारे तेवढे आम्ही कापलेत.